मनोऱ्यापायी सुटलेला हात

सोलापुरात कुठल्याही कट्ट्यावर दहा मिनिटं बसा, एक वाक्य कानावर येतंच. "आता पहिल्यासारखं राहिलं नाही." विषय गिरण्यांवरून निघो, चादरीच्या पोतावरून निघो, नाहीतर नळाला चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यावरून, बोलणं या वाक्यापाशी येऊन थांबतं आणि मग सगळे थोडा वेळ गप्प बसतात. मी याच वाक्यात वाढले. दिवाळीत पुण्याहून आलेला भाचा एक इंग्रजी कादंबरी आमच्या घरी विसरून गेला, ती मी सहज उघडली, आणि तिथली माणसंही हेच म्हणताना दिसली. मग मला पुस्तक खाली ठेवता येईना. त्या मुलखात जो भेटेल तो सांगतो की जग पुढं निघून गेलं. तक्रार म्हणून नाही, ऊन फार आहे असं सांगावं तसं.

कादंबरी स्टीफन किंग यांची, 'द गनस्लिंगर'. हा लेखक आपल्याकडं भयकथांसाठी माहीत आहे, पण या पुस्तकात भीतीपेक्षा उदासी जास्त आहे. १९७०मध्ये, पंचविशीच्या आत असताना, त्यांनी हे लिहायला घेतलं. १९७८ ते १९८१ या काळात पाच तुकड्यांत ते एका मासिकात आलं आणि १९८२मध्ये त्याचं पुस्तक झालं. मुळाशी रॉबर्ट ब्राउनिंग यांची १८५५ची एक कविता आहे. तीत एक सरदार उजाड मुलखातून एका काळ्या मनोऱ्याकडं चाललेला असतो. नायकाचं रोलंड हे नाव आणि तो मनोरा तिथून आले. वाळवंट, धूळ आणि कमरेची दोन पिस्तुलं आली सर्जिओ लिओनी यांच्या काउबॉयपटांतून. आपल्या १९७५च्या 'शोले'वरही त्याच चित्रपटांची सावली आहे, त्यामुळं हा मुलूख वाटतो तितका परका नाही.

रोलंड हा गनस्लिंगरांपैकी शेवटचा. या शब्दाला मराठी शब्द शोधताना मला 'शिलेदार' आठवला. स्वतःचं हत्यार बाळगणारा, घराण्याचा मान सांभाळणारा, शब्दाला जागणारा. ज्या राज्यासाठी तो शिकला, ते गिलियड कधीच धुळीला मिळालंय. आता तो काळ्या कपड्यांतल्या एका माणसाचा माग काढत वाळवंट तुडवतोय, कारण तो माणूस मनोऱ्याचा रस्ता सांगू शकेल. मनोऱ्यापाशी पोचलं की जगाचं जे बिघडलंय ते कदाचित दुरुस्त होईल. कदाचित. एवढ्यावर त्याचा जन्म चाललाय.

किंग यांनी ही पडझड युद्धाची वर्णनं करून दाखवलेली नाही. वाळवंटातल्या एका ओसाड थांब्यावर एक पंप अजून पाणी देतो. तो कुणी बसवला हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. एका गावातल्या दारूच्या गुत्त्यात पियानोवर बीटल्सचं गाणं वाजतं, म्हणजे आपल्या जगातलं, आणि ते तिथं कसं आलं याचं कुणाला आश्चर्यही वाटत नाही. हे वाचताना मला आमची सिटी बस आठवली. "जुनी मिल" असा पुकारा झाला की लोक उतरतात. सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी १८७७ची, शहरातली पहिली कापड गिरणी, म्हणून ती जुनी. तिथं उतरणाऱ्या विशीतल्या मुलीला कुठली मिल आणि कुणाची मिल हे विचारून बघा. नाव चालू आहे, नावामागचं गेलं. त्या पंपासारखंच.

वाचनालयात रोज भेटणारे एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत, निवृत्त शिक्षक. माझ्या हातातलं पुस्तक बघून म्हणाले, "ताई, हे काय वाचायलात? हे सगळं पलायन आहे. आपल्या शहरात प्रश्न कमी आहेत का?" माणूस तळमळीचा आहे, म्हणून त्यांना उत्तर द्यायला हवं. मराठीत हा आक्षेप जुना आहे. अद्भुत म्हणजे मुलांसाठी, नाहीतर वेळ घालवण्यासाठी. मोठ्या माणसानं वास्तव वाचावं. पण ज्यांच्यापुढं आपण सगळे हात जोडतो त्या जी. ए. कुलकर्णींनी 'रमलखुणा'तल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दीर्घकथांना नकाशावर नसलेलेच मुलूख निवडले. आणि धारवाडात बसून त्यांनी कॉनरॅड रिक्टर यांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या: रान, शिवार, गाव. अमेरिकेतलं जंगल तोडून वस्ती करणाऱ्या कुटुंबाच्या त्या कथा. झाडं जातात, शेतं येतात, गाव वाढतं आणि ज्या बाईनं हे सगळं उभं केलं तिलाच शेवटी झाडांची आठवण छळते. अमेरिकेच्या सीमेवरची उदासी मराठीनं तेव्हा घरात घेतलीच होती. तिला पलायन म्हणावं असं मला तरी वाटत नाही.

पण माझं खरं उत्तर वेगळं आहे, आणि ते कादंबरीतल्या एका पोराशी बांधलेलं आहे.

त्या ओसाड थांब्यावर रोलंडला जेक नावाचा मुलगा भेटतो. न्यूयॉर्कचा, आपल्या जगातला. तिथं मोटारीखाली मेला आणि इथं जागा झाला. पोरगं त्याला पाणी देतं, खायला देतं. दोघं पुढं एकत्र चालतात आणि रोलंडसारख्या कोरड्या माणसाला त्या पोराची माया लागते. वाटेत त्याला भाकीतही मिळतं की काळ्या कपड्यांतल्या माणसापर्यंत पोचायचं दार हा मुलगाच आहे. त्याचा अर्थ रोलंडला कळतो. पोरालाही कळतो. तरी दोघं चालत राहतात. डोंगराखालच्या अंधारात, मोडकळीला आलेल्या रुळांच्या पुलावर जेकचा पाय सुटतो आणि तो लोंबकळतो. त्याच क्षणी पलीकडच्या टोकाला, उजेडात, तो माणूस उभा आहे. आता आलास तर मी भेटेन, नाहीतर कधीच नाही. रोलंड पोराला सोडतो. जेक रडत नाही, शिव्या देत नाही. जा म्हणतो; जग काय हे एकच नाही.

मी ते पान रात्री साडेअकराला वाचलं आणि पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

माझे अप्पा एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. मी सहावीत असताना गिरणी बंद पडली. दादा तेव्हा दहावी झाला होता. बंद म्हणजे एका दिवसात कुलूप लागलं असं नव्हतं. आधी पगार लांबले, मग पाळ्या कमी झाल्या, मग एक दिवस भोंगा झालाच नाही. त्यानंतर कित्येक वर्षं अप्पा पहाटे भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे. खिळ्याला त्यांचा पितळी बिल्ला लटकत असायचा. ठरलेल्या दिवशी सभा, कधी वकील, कधी मुंबईला मोर्चा. नायलॉनच्या पिशवीत कागदांची फाइल घेऊन ते निघायचे. गिरणी सुरू होणार यावर त्यांचा देवासारखा विश्वास होता, आणि सुरू झाली की दादाला वारस म्हणून आत लावायचं हे ठरलेलं होतं. "दुसरीकडं कशाला चिकटतोस, दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे," असं ते त्याला सांगायचे. दादा थांबला. दोन-चार महिन्यांची तीन वर्षं झाली. मग तो पूर्व भागातल्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरायला लागला आणि पुढं टॉवेलच्या मागांवर उभा राहिला. अजून आहे. बारा तासांची पाळी.

अप्पा गेल्यावर आम्ही ती फाइल उघडली. कोर्टाचे कागद, देण्यांचे हिशेब, सभेची पत्रकं आणि त्यांच्या मधोमध आयटीआयचा एक प्रवेश अर्ज. टर्नरच्या कोर्सचा. दादाच्या अक्षरात भरलेला, त्याचा फोटो चिकटवलेला, पालकाच्या सहीची जागा रिकामी. दादानं तो बघितला, घडी केली आणि परत फाइलमध्ये ठेवला. काही बोलला नाही.

अप्पांना मी दोष देत नाही. त्यांचं दुःख खरं होतं आणि त्यांची लढाईही न्यायाची होती. त्यांच्या घामाचे पैसे अडकले होते. रोलंडचा मनोराही काही क्षुल्लक नाही. म्हणून तर ही गोष्ट झोंबते. वाईट माणूस पोराला सोडतो यात सांगण्यासारखं काय आहे? इथं चांगला माणूस सोडतो, आणि जगाच्या भल्यासाठी सोडतो. गेलेल्या जगाचा शोक करणाऱ्याला त्या शोकाचा जाब विचारणारं असं पुस्तक मी आधी वाचलं नव्हतं. पलायन करणारी गोष्ट वाचकाला मोकळं सोडते. हिनं मला त्या फाइलपाशी नेऊन बसवलं.

आणि मला वाटतं, हा जाब आमच्या शहरालाही विचारायला हवा.

सोलापूरला दुःख करायला खूप काही आहे, हे कोण नाकारेल? एके काळी इथल्या गिरण्यांच्या भोंग्यांवर घराघरातली घड्याळं लागायची. याच कामगारांच्या जोरावर १९३०च्या मे महिन्यात शहरानं इंग्रजांना काही दिवस बाहेर ठेवलं, मार्शल लॉ सोसला आणि १२ जानेवारी १९३१ला चार हुतात्मे दिले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन ही चार नावं एकत्र घेतली की शहर कसं विणलेलं होतं ते कळतं. ते विसरावं असं मी मुळीच म्हणत नाही.

पण आमचं बोलणं मनोऱ्यांवरच का अडतं? एक मनोरा मागचा, गिरण्यांचा; एक पुढचा, येऊ घातलेल्या वैभवाचा. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत नाव आलं तेव्हा आता सोलापूर बदलणार असं प्रत्येकानं प्रत्येकाला सांगितलं. मग विमानसेवेचा विषय आला. विमानाच्या वाटेत येते म्हणून होटगी रस्त्यावरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ला पाडली. ती काही सेकंदांत खाली बसली. त्या दिवशी शहरात रडणारेही होते आणि टाळ्या वाजवणारेही. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यांचा आणि कारखान्यातल्या कामगारांचा त्यात जीव अडकला होता, आणि विमान हवं म्हणणाऱ्यांचंही म्हणणं खोटं नव्हतं. पोरं पुण्याला जातात ती परत येत नाहीत, हे कुणाच्या घरी घडलेलं नाही? २०२५मध्ये इथून विमान उडालं. मी कुठल्या बाजूची होते हे इथं महत्त्वाचं नाही. वर्षानुवर्षं चिमणी हवी की विमान हवं यावर शहर दोन्ही बाजूंनी घसा कोरडा करत होतं, आणि त्याच काळात पूर्व भागात विड्या वळणारी बाई हजार विड्यांमागं मिळणाऱ्या मजुरीवर आणि त्यातून निघणाऱ्या छाटीवर, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढल्या जाणाऱ्या विड्यांवर, झगडत होती, आणि तिच्यासाठी अख्खं शहर असं कधी भांडल्याचं मला आठवत नाही. आमच्या यंत्रमाग कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचं घोंगडं किती वर्षं भिजत पडलंय? जुन्या गिरणीवर हळहळणारा माणूस आणि शेडमध्ये रात्रपाळीला उभा असणारा माणूस यांच्यात फार तर एका पिढीचं अंतर आहे. पुष्कळदा एका भिंतीचंच.

गिरण्यांच्या आठवणींचा कार्यक्रम असला की मी आवर्जून जाते. जुने फोटो असतात, आठवणी निघतात, डोळे भरून येतात, माझेही येतात. पण व्यासपीठावर आज माग चालवणारा माणूस मी एकदाही बघितलेला नाही. तो ऐकायलाही नसतो, कारण कार्यक्रम संध्याकाळचा असतो आणि त्याची पाळी संपलेली नसते. माझी मागणी एवढीच आहे की वस्त्रोद्योगाच्या इतिहासावर जिथं जिथं बोलणं होईल तिथं पहिली खुर्ची त्याला आणि विडी वळणाऱ्या बाईला द्यावी, आणि वेळही त्यांच्या पाळ्या बघून ठरवावी.

यावर कुणी म्हणेल की शोकच केला नाही तर लढायचं बळ कुठून येणार? अप्पांसारख्यांनी भोंगा विसरला असता तर देण्यांचा एक पैसाही मिळाला नसता. हे खरं आहे. आमच्या घरी उशिरा का होईना थोडे पैसे आले ते त्या हट्टामुळंच. आठवणीचं दुसरं एक रूपही आमच्याच शहरात आहे. आमचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांनी तलाव खोदला, अडुसष्ट लिंगं स्थापली, ते बाराव्या शतकात. दर जानेवारीत त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, त्या अडुसष्ट लिंगांच्या वाटेनं फिरतात. त्या काठ्यांचं वजन कमरेच्या पट्ट्यावर तोलत चालताना माणसाच्या मानेच्या शिरा फुगतात. शेजारचा त्याच्याकडं डोळ्यात तेल घालून बघत असतो, जरा तोल गेला तर हात पुढं करायला. इतक्या शतकांपूर्वीची आठवण, पण ती वाहणाऱ्यांचं लक्ष शेजारच्या माणसाच्या पायांवर. रोलंडला असं कुणी शेजारी नव्हतं. जे मिळालं होतं, ते त्यानं पुलावर सोडलं.

कादंबरी सगळीच मला पटली असं नाही. टल नावाच्या गावात एक धर्मवेडी बाई अख्ख्या गावाला रोलंडवर सोडते आणि तो सगळ्यांना गोळ्या घालतो, बायकापोरांसकट, आणि ज्या ॲलीनं त्याला आसरा दिला तिलाही. हे वाचताना लेखकाचा हात मला फार थंड वाटला. ॲलीला एकटेपण आणि गरज यापलीकडं काही दिलेलंच नाही. ती मेली की गोष्ट पुढं सरकते. जेकच्या पडण्याला जेवढी जागा दिली त्याच्या निम्मी तरी तिच्या मरणाला द्यायला हवी होती. शेवटचं ते रात्रभराचं संभाषण आणि पत्त्यांवरचं भविष्यही लांबलंय. पण जेकचा हात सुटतो ते पान लिहिणाऱ्याला मी एवढं माफ करते.

ही गोष्ट मी दादाला सांगितली. इंग्रजी तो वाचत नाही. सुट्टीचा दिवस होता, आम्ही गच्चीवर बसलो होतो, खाली कुणाच्या तरी शेडमधला माग खडखडत होता. मी वाळवंट सांगितलं, पंप सांगितला, पोरगं सांगितलं. पुलापाशी आले तेव्हा माझाच आवाज बसला. दादा भिंतीला टेकून ऐकत होता.

"सोडला त्यानं?"

"सोडला."

"मग त्याला मिळालं काय?"

मी सांगितलं. तो माणूस भेटतो, रात्रभर बोलतो. सकाळी जाग येते तेव्हा शेजारी नुसती हाडं, आणि रोलंड दहा वर्षांनी म्हातारा झालेला. मग तो समुद्राच्या काठी जाऊन बसतो.

"आणि मनोरा?"

"लांबच आहे अजून."

दादानं बराच वेळ काही म्हटलं नाही. खालचा माग थांबला, धागा तुटला असावा, आणि परत चालू झाला. मग मला भाच्यानं फोनवर सांगितलेलं आठवलं. ही मालिका पुढं बरीच मोठी आहे. १९९१च्या तिसऱ्या पुस्तकात रोलंड त्या पोराला परत स्वतःच्या जगात ओढून आणतो. तोपर्यंत त्याला चैन नसतं, डोकं फिरायची वेळ आलेली असते. मी ते दादाला सांगितलं.

"परत येतंय होय पोरगं?" तो सरळ होऊन बसला. "मग ते तिसरं आणायला सांग की त्याला. आणि आल्यावर माझ्या पाळीची सुट्टी बघून वाच."